अंडी पाण्यात ढकलू नका

प्रश्न : माशांच्या दोन फुटी टाकीत पिवळ्या मिस्टरी स्नेल (गोड्या पाण्यातल्या गोगलगायी) आहेत. काचेवर पाण्याच्या वर गुलाबी पुंजका दिसला. सुकेल म्हणून पाण्यात सरकवला, तर आठवड्यात बुरशी आली. काय चुकलं? (ठाणे)

उत्तर : पाण्यात सरकवला, तेच चुकलं. या जातीची अंडी हवेवर जगतात, बुडाली की आतली पिल्लं गुदमरतात. मादी रात्री पाण्याबाहेर चढून अंडी घालते, त्यामुळे पाणी काठापासून आठ-दहा सें.मी. खाली ठेवा आणि टाकीवर झाकण हवंच, नाहीतर सकाळी गोगलगाय फरशीवर सापडते.

ताजा पुंजका जेलीसारखा मऊ असतो. दोन दिवस हात लावू नका. कडक झाला की ओल्या बोटाने आडवा सरकवत सोडवा, वर ओढलात तर फुटेल. झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात टिश्यूपेपर भिजवून, घट्ट पिळून अंथरा, त्यावर पुंजका ठेवा आणि डबा टाकीतच तरंगत सोडा. म्हणजे २५-२७ अंशांची ऊब आपोआप मिळते. रोज एकदा झाकण उघडून हवा द्या. झाकणावरचे थेंब पुंजक्यावर पडत असतील तर पुसा. बुरशी बहुधा तिथूनच सुरू होते. टिश्यू कोरडा पडला तर अंडी वाळतात.

दोन ते चार आठवड्यांत रंग उतरून पुंजका राखाडी, भुसभुशीत दिसू लागतो. तेव्हा तो टाकीच्या पाण्यात हलकेच हलवा, मोहरीएवढी पिल्लं सुटून खाली पडतात. फिल्टर स्पंजचाच हवा, पंपाचा असेल तर पिल्लं ओढली जातात. खायला उकडलेला दोडका किंवा अल्गी वेफरचा (शेवाळाच्या खाद्यवड्यांचा) चुरा द्या, उरलेलं त्याच दिवशी काढा.

एका पुंजक्यातून शंभरावर पिल्लं निघू शकतात, तेव्हा प्रत्येक पुंजका उबवायचा हट्ट नको. नको असलेला दोन दिवस फ्रीजरमध्ये ठेवून मग कचऱ्यात टाका. विहिरीत, तळ्यात कधीही नाही.

प्रश्न : माझ्याकडे एकच गोगलगाय आहे, तरी अंडी घातली. हे कसं? (नागपूर)

उत्तर : यांच्यात नर-मादी वेगळे असतात, पण मादी नराचं बीज कित्येक महिने साठवून ठेवते. दुकानातल्या टाकीतच मीलन झालं असणार. अंडी फळू शकतात.

प्रश्न : शंखावर पांढरे खड्डे पडलेत. पाणी आरओचं वापरतो. (पुणे)

उत्तर : कारण तुम्हीच लिहिलंय. शंख कॅल्शियम कार्बोनेटचा, आणि आरओच्या पाण्यात कॅल्शियम जवळपास नसतंच. त्यात पीएच ७ च्या खाली गेला, म्हणजे पाणी आम्लधर्मी झालं, की शंख विरघळू लागतो. आरओ बंद करा, क्लोरीन काढलेलं नळाचं पाणी थोडं थोडं करून बदला. धरणाचं पाणीही मऊच, म्हणजे कमी क्षारांचं असतं, म्हणून पिंजऱ्यातल्या पक्ष्यांना देतात तो समुद्रफेन दगडाला बांधून टाकीत सोडा, नाहीतर तो तरंगत राहतो. शिंपल्यांचा चुरा जाळीच्या पिशवीत भरून फिल्टरजवळ ठेवला तरी चालेल. पीएच ७.२ ते ८ च्या दरम्यान राहू द्या.

जुने खड्डे भरून येत नाहीत. शंखाच्या तोंडाशी नवी वाढ होते, ती कडा गुळगुळीत आली की समजा पाणी सुधारलं. आणि माशांना पांढरे ठिपके आले म्हणून औषध टाकणार असाल तर आधी बाटलीवर तांबं आहे का वाचा. असेल, तर गोगलगायी दुसऱ्या टाकीत हलवल्याशिवाय एक थेंबही नको.