मनाचं पान : चित्रपटातला पूर आणि उडालेली झोप

प्रश्न : आम्ही चिपळूणला बाजारपेठेत राहतो. 22 जुलै 2021 ला पाणी भरलं तेव्हा सासूबाई माळ्यावर अडकल्या होत्या. परवा सगळ्यांनी मिळून केरळच्या 2018 च्या महापुरावरचा चित्रपट पाहिला. तेव्हापासून त्या रात्री तीन-चारदा उठून दारात पाणी आलंय का बघतात. पंप सुरू झाला तरी दचकतात. चित्रपट दाखवला हे चुकलं का? त्यांना सगळं बोलायला लावावं का?

उत्तर : तुम्ही मुद्दाम काही केलेलं नाही, तेव्हा अपराधी वाटून घेऊ नका. अशा वेळी चित्राइतकाच आवाजही मनाला लागतो. पाण्याचा घोंघाट, काळोखातल्या हाका आणि जिवाची भीती, हे सगळं त्या दिवशी मनात एकत्र बसलेलं असतं. त्यातलं एक पुढे आलं की बाकीचंही जागं होतं. पंपाच्या घरघरीला दचकणं त्यातलंच.

बोलायला लावू नका. आग्रहाने सगळा प्रसंग वदवून घेतल्याने काही जणांचा त्रास वाढतो. ‘त्यातलं नेमकं काय मनाला लागलं?’ एवढंच विचारा आणि थांबा. उत्तर अनपेक्षित असू शकतं. केरळात मच्छीमारांनी आपल्या होड्या ट्रकवर चढवून आतल्या गावांत नेल्या आणि माणसं बाहेर काढली. ते बघून कुणाला धीर येतो, तर कुणाला आपण होडीची वाट बघत काढलेले तास आठवतात.

रात्री त्या उठल्या तर अडवू नका. दिवा लावा, सोबत दारापर्यंत जा, एकदा बघू द्या. मग खुर्चीवर बसवून पाय थंड लादीवर टेकवा. चार अंक मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, असं आठ-दहा वेळा. ‘मोठा श्वास घ्या’ म्हणत घाई केली तर बोटांना मुंग्या येतात, गरगरतं आणि घाबरगुंडी वाढते. श्वास सोडणं लांबवायचं, घेणं नाही. छातीत दुखून हाताकडे किंवा जबड्याकडे कळ जात असेल, तर मात्र भीती समजून बसू नका, लगेच दवाखाना गाठा.

पुन्हा पुन्हा दार बघितल्याने भीतीला खतपाणी मिळतं. म्हणून झोपण्यापूर्वी एकदा दोघींनी मिळून बघायचं, असं ठरवा. शिवाय वाशिष्ठी नदीकाठची ही भीती खोटी नाही, तिला कामाला लावा. आठवड्याची औषधं, बॅटरी, घराची नि बँकेची कागदपत्रं प्लास्टिकमध्ये गुंडाळून पिशवी माळ्यावर ठेवा, आणि ती त्यांच्याच हातून भरून घ्या. मोबाइलवर पुराचे व्हिडिओ बघणं बंद, कारण एक बघितला की तसलेच दहा पुढे येतात.

बहुतेकांचं हे एक-दोन आठवड्यांत ओसरतं. महिना उलटला, जेवण तुटलं किंवा त्या घराबाहेर पडेनाशा झाल्या, तर मानसोपचार डॉक्टरांना दाखवा. ‘जगून काय करू’ अशी भाषा आली तर त्याच दिवशी. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 क्रमांकावर चोवीस तास फुकट बोलता येतं, मराठीतही.

प्रश्न : हर्णैला आमची मासेमारीची नौका आहे. ‘टायटॅनिक’ पाहिल्यापासून नऊ वर्षांचा मुलगा बाबांना समुद्रावर जाऊ देत नाही. ‘ते खोटं असतं’ असं समजावलं, पण पटत नाही.

उत्तर : पटणार कसं? जहाज 1912 मध्ये खरंच बुडालं. तुम्ही खोटं म्हटलंत की मूल तुमच्या पुढच्या शब्दावरही विश्वास ठेवत नाही. ‘बाबांना काही होणार नाही’ हे वचनही देऊ नका.

खरं काय ते सांगा. त्या जहाजावर सुमारे 2,200 माणसं होती आणि जीवरक्षक होड्यांत जागा 1,178 जणांची. त्यानंतर सगळ्यांना पुरतील एवढ्या होड्या हव्यात, असा आंतरराष्ट्रीय नियम आला. मग त्याला बंदरावर घेऊन जा. लाइफ जॅकेट किती, खलाशी किती, हे त्यालाच मोजू द्या, आणि एकही कमी भरलं तर आणा, नाहीतर सगळी मेहनत फुकट. वायरलेस संच दाखवा, तटरक्षक दलाचा 1554 क्रमांक त्याच्या हाताने लिहून घ्या. वादळाचा इशारा असला की बाबा जात नाहीत हे सांगा, आणि तसंच वागा. निघताना गुपचूप सटकू नका. निरोप घ्या आणि परतायचा अंदाज एका दिवसाने वाढवून सांगा, कारण ठरल्या वेळी बाबा आले नाहीत तर त्याची भीती खरी ठरते.

प्रश्न : तोच पुराचा चित्रपट बघताना सगळे रडले, मला काहीच वाटलं नाही. मी दगड आहे का? (गुहागर)

उत्तर : नाही. फार झालं की मन कधी कधी बधिर होतं. काहींना दोन दिवसांनी, भांडी घासताना वगैरे भरून येतं. आलं तर येऊ द्या, नाही आलं तरी चालेल. रोजच्या गोष्टींतही, म्हणजे जेवणात, माणसांत, दोन आठवड्यांहून जास्त काहीच वाटेनासं झालं असेल, तर मात्र वर दिलेल्या टेली-मानसच्या 14416 क्रमांकावर बोला.