खिशातल्या कॅमेऱ्याचा नाद: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात छोट्या डिजिटल कॅमेऱ्याबद्दल प्रश्न पाठवा म्हटलं होतं आणि पत्रं नि मेसेज इतके आले की सगळे छापायचे तर अंक पुरणार नाही, म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं कुणाचीच देत नाही, गाव-गल्ली तेवढी ठेवलीय. एक गोष्ट मात्र आधीच सांगतो. नवीन घ्यायच्या आधी घरातलं कपाट उघडून बघा. २०१० साली जगभरात १२ कोटींच्या वर डिजिटल कॅमेरे कंपन्यांनी बाजारात पाठवले आणि त्यात बहुतेक छोटेच होते, त्यातला एखादा तुमच्या घरात साड्यांच्या खाली नाहीतर बारशाच्या अल्बमशेजारी पडलेला असण्याची शक्यता बरीच आहे, आणि तो चालू होऊ शकतो.

माझ्या दिरांचा जुना कॅनन कपाटात सापडला, बहुतेक २००९-१० चा असेल. मुलगी कॉलेजला न्यायचा म्हणून मागे लागलीय, तिच्या मैत्रिणींकडं पण असले कॅमेरे आलेत म्हणे. पण चालूच होत नाही आणि बाजारातून ६४ जीबीचं कार्ड आणलं तर ते घेत नाही. टाकून द्यावा का?
– एक गृहिणी, राजारामपुरी

अजिबात टाकू नका ताई. आधी बॅटरी बाहेर काढून टेबलावर ठेवा आणि बघा, सपाट बसते का मधे फुगलीय. फुगली असेल तर ती चार्जरला लावायचीच नाही, आणि आतच अडकून बसली असेल तर स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटायची पण नाही, सरळ रिपेरीवाल्याकडं न्या. फुगलेली नसेल तरी इतकी वर्षं पडून ती पार उतरलेली असणार, लिथियमची बॅटरी तशीच पडली की बऱ्याचदा परत चार्जच घेत नाही. बॅटरीवर एनबी-४एल, एनबी-५एल, एनबी-६एल असा काहीतरी नंबर असेल, तो मोबाईलमधे फोटो काढून ठेवा आणि तोच नंबर सांगून नवीन मागवा, दुसऱ्या कंपन्यांच्या अजून मिळतात. तुमचा जर पेन्सिल सेलवर चालणारा असेल (कॅननच्या ए सिरीजमधले बरेच तसे होते) तर साधे सेल घालू नका, चार्जिंगचे निकेलवाले घाला, साधे सेल असल्या कॅमेऱ्यात भराभर संपतात.

कार्डाचं म्हणाल तर दोष कार्डाचा पण नाही आणि कॅमेऱ्याचा पण नाही. ३२ जीबीपर्यंतच्या कार्डाला एसडीएचसी म्हणतात, त्याच्या वरचं एसडीएक्ससी, आणि ते २००९ च्या पुढं आलं, त्यामुळं त्या वेळच्या बऱ्याच कॅमेऱ्यांना ते कळतच नाही. ८ नाहीतर १६ जीबीचं आणा, भरपूर झालं. अजून जुना, २००६ च्या आधीचा असेल तर २ जीबीच्या वर बहुतेक चालणार नाही. आणि जुना फुजी, ऑलिम्पस किंवा सोनी असला तर कार्डाचा आकारच वेगळा असू शकतो, एक्सडी नाहीतर मेमरी स्टिक, म्हणून कॅमेरा सोबत घेऊनच दुकानात जा. कार्ड घातल्यावर फॉरमॅट कॅमेऱ्यातच मारायचं. आणि तारीख-वेळ सेट करायला विसरू नका, नाहीतर मुलीचे यंदाचे सगळे फोटो कॉम्प्युटरमधे भलत्याच सालात जाऊन बसतील आणि नंतर हुडकताना जीव जाईल.

मुलींना त्यातलं काय आवडतंय हे पण सांगतो. सीसीडी (जुन्या जातीचा सेन्सर, म्हणजे फोटो टिपणारी चिप) ह्याच्या रंगात जादू आहे असं सगळीकडं बोलतात, मला ते फारसं पटत नाही, रंग ठरतो तो कॅमेऱ्याच्या आतल्या प्रोसेसिंगवर. खरा फरक फ्लॅशचा आहे. मोबाईलचा फ्लॅश म्हणजे लहानसा एलईडी दिवा, आणि ह्या कॅमेऱ्यात झेनॉनची नळी असते जी सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास लख्ख पेटून विझते, त्यामुळं चेहरा उजळ, मागं अंधार आणि हसताना उडालेला केस सुद्धा जागेवर थांबलेला. शिवाय मोबाईल दहा फोटो जुळवून एक गुळगुळीत फोटो करतो तसं हा करत नाही. जे समोर होतं ते एकदाच घेतो.

नातवाचे फोटो काढतो, सगळे हललेले येतात. कॅमेऱ्यावर तर "इमेज स्टॅबिलायझर" लिहिलंय. बटण दाबेपर्यंत पोरगं चौकटीबाहेर गेलेलं असतं. माझा हात कापतो म्हणावं तर रंकाळा तळ्याचे फोटो स्वच्छ येतात.
– निवृत्त शिक्षक, गारगोटी

गुरुजी, तुमच्या पत्रातच अर्धं उत्तर आहे. रंकाळा हलत नाही, नातू हलतो. स्टॅबिलायझर तुमच्या हाताची थरथर सांभाळतो, समोरच्याचं पळणं तो थांबवू शकत नाही, ते काम शटर स्पीडचं, म्हणजे फोटो किती कमी वेळात टिपला जातो त्याचं. पळणाऱ्या पोराला साधारण सेकंदाचा २५० वा भाग तरी पाहिजे आणि घरात ट्यूबलाईटखाली कॅमेरा आपणहून ३० वा भाग वगैरे घेतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, बटण अर्धं दाबायचं. हे कॅमेरा विकताना कुणी सांगत नाही आणि माझ्या मते छोट्या कॅमेऱ्यात ह्याच्याइतकी कामाची दुसरी गोष्ट नाही. बटणाला दोन पायऱ्या असतात. पहिल्या पायरीवर बोट टेकवून धरलं की कॅमेरा फोकस करतो, उजेड मोजतो, स्क्रीनवर हिरवी चौकट येते, बारीक पीप वाजतं, आणि तो तसाच तयार राहतो. मग पुढचं अर्धं दाबलं की फोटो लगेच. तुम्ही एका दमात पूर्ण दाबता तेव्हा ही सगळी कामं तो त्या वेळी करायला घेतो, आणि तेवढ्यात नातू परड्यात. म्हणून असं करा, तो सोप्यातून दारात येणार हे तुम्हाला माहीत असतं, तर दाराच्या चौकटीवरच अर्धं बटण दाबून धरून थांबा आणि तो उंबऱ्यावर आला की पूर्ण दाबा. दोन-चार दिवस हात बसायला जातील, मग बोटाला आपोआप कळतं.

दुसरं, घरात झूम करू नका. तुम्ही खुर्चीत बसून झूम करत असणार असा माझा अंदाज आहे. छोट्या कॅमेऱ्याची लेन्स झूम न करता एफ २.८ ला (हा आकडा वाढला की लेन्सचं भोक लहान होतं) उघडत असेल तर पूर्ण झूमला ती ५.६ च्या आसपास जाते, म्हणजे उजेड चौथाईच आत येतो, आणि मग शटर आणखी मंदावतो. उठून चार पावलं पुढं जा, गुडघा साथ देत असेल तर पोराच्या उंचीला बसा. आयएसओ (कमी उजेडातही फोटो टिपायची ताकद) ८०० पर्यंत बिनधास्त चढवा, थोडे दाणे दिसतील, दिसू देत, दाणेदार फोटोत डोळे तरी दिसतात, हललेल्यात ते पण नाही. मोडच्या चकतीवर "किड्स अँड पेट्स" असं काही असेल तर ते लावून बघा, बऱ्याच कॅमेऱ्यात आहे आणि ते नेमकं हेच करतं, शटर जलद ठेवतं. सकाळी अकराच्या आत दारातून जो उजेड येतो ना सोप्यात, त्यात बसवून काढा एकदा.

जोतिबाच्या चैत्र यात्रेत कॅमेरा नेला होता. गुलालात फोटो काढले, घरी आल्यावर लेन्स अर्धीच बाहेर येते, करकर आवाज येतो आणि "लेन्स एरर" दाखवतो. यूट्यूबवर टेबलावर आपटा म्हणतात.
– एक तरुण, शाहूपुरी

आपटू नको भावा. चालू-बंद पण करत बसू नको, दर वेळी ती मोटर गुलालाचे कण दातेरी चाकांत आणखी आत ढकलते. बॅटरी काढ, लेन्स खाली जमिनीकडं कर आणि रबरी ब्लोअरनं नळ्यांच्या फटीत हवा मार, तोंडानं फुंकायचं नाही, थुंकीचा ओलावा आत गेला की गुलालाचा चिखल होतो. मऊ ब्रशनं कडा झाड. मग बॅटरी घालून एकदा बघ, नाही झालं तर रिपेरीवाल्याकडं ने, पण खर्च आधी विचार, लेन्सचा अख्खा भाग बदलायचा म्हणाला तर तेवढ्यात जुन्यातला दुसरा येऊ शकतो.

पुढच्या वर्षीसाठी सांगतो. बाहेर येणारी लेन्स आणि गुलाल-खोबऱ्याची उधळण ह्यांचं जमत नाही, नळ्यांच्या मधली फट उघडीच असते. झिपवाली जाड पिशवी घे, लेन्सच्या तोंडाएवढं भोक पाडून कडेनं रबर लाव, निदान पाठीमागनं तरी वाचेल. सासनकाठ्या नाचताना लांबून, पायऱ्यांवरनं झूम करून काढ आणि उधळण सुरू झाली की बंद करून खिशात. दरवर्षीच जायचं असेल तर ऑलिम्पसच्या टफ टीजी जातीचा बघ (टीजी-६ २०१९ ला आला, टीजी-७ २०२३ ला ओएम सिस्टिम ह्या नव्या नावानं), त्याची लेन्स बाहेर येतच नाही, झूम आतल्या आत होतो, १५ मीटर पाण्याखाली चालतो, आणि घरी आल्यावर कॅमेऱ्याची बॅटरी-कार्डाची दारं नीट बंद आहेत बघून गोड्या पाण्यानं धुता येतो.

फोटोंचं एक राहिलं. गुलालात फ्लॅश बंद ठेव, हवेतला प्रत्येक कण लेन्सपुढं पांढरा ठिपका होऊन चमकतो.

पावसाळ्यात पन्हाळ्यावर धुक्याचे फोटो काढले, डोळ्याला पांढरंशुभ्र दिसत होतं, फोटोत मळकट राखाडी आलंय. कॅमेरा खराब झालाय का?
– एक वाचक, बुधवार पेठ

कॅमेरा ठीक आहे. त्याचं उजेड मोजायचं गणित असं असतं की समोर जे काही आहे ते सरासरी मध्यम राखाडी आहे असं तो धरून चालतो. सगळं पांढरं दिसलं की त्याला वाटतं उजेड जास्त झाला आणि तो फोटो काळवंडवतो. त्यासाठी अधिक-वजा असं चिन्ह असलेलं बटण असतं, तिथं धुक्यात अधिक १ करा. हे नुसतं धुक्याचं नाही, पांढऱ्या रश्श्याची वाटी जवळून काढलीत तर ती पण अशीच मळकी येते, तिथं अधिक दोन-तृतीयांश पुरतं. तांबड्या रश्श्याला मात्र उलटं. लाल रंग लवकर भरून वाहतो, मग तर्री, तवंग, वर तरंगणारी कोथिंबीर सगळं जाऊन नुसता लाल डाग उरतो, तिथं वजा दोन-तृतीयांश करा आणि वाटी खिडकीकडं सरकवा. गुलालाला पण हेच.

एसी गाडीतून उतरून लगेच कॅमेरा काढू नका, काचेवर वाफ धरते. पिशवीत तसाच थोडा वेळ बाहेरच्या हवेत राहू द्या. आणि ती पुसायच्या भानगडीत पडू नका, आपोआप जाते.

मोबाईल चांगला आहे. तरी पगारातनं साठवून एक इंच सेन्सरवाला छोटा कॅमेरा घ्यावा असं मनात आहे. घरचे म्हणतात पैसे वाया जातील. खरं सांगा.
– कसबा बावड्यातील वाचक

खरं सांगायचं तर तुम्ही काय काढता त्यावर आहे. साध्या छोट्या कॅमेऱ्यातला सेन्सर साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा, आणि ज्याला एक इंच म्हणतात तो प्रत्यक्षात १३.२ बाय ८.८, म्हणजे क्षेत्रफळ चौपट. सोनीनं २०१२ ला आरएक्स१०० काढला तेव्हा एवढा सेन्सर खिशात मावतो हे लोकांना पटलं, मग कॅननची जी७ एक्स सिरीज आली. पण आता काही महागड्या मोबाईलमधे पण तेवढा सेन्सर आलाय, आणि रात्री फ्लॅशशिवाय मोबाईल जे दहा फोटो जुळवून काढतो त्याच्यापुढं साधा कॅमेरा मागंच पडतो. घरातले, जेवणातले, रंकाळ्यावरचे सेल्फी आणि लगेच ग्रुपवर पाठवायचं असं असेल तर घरचे बरोबर बोलतायत.

पण तुम्ही कोल्हापूरच्या खासबागेत कुस्त्या बघायला जात असाल, शाहू स्टेडियमला पेठांच्या फुटबॉल मॅच बघत असाल, तर गोष्ट वेगळी. शाहू महाराजांनी १९१२ ला बांधलेल्या खासबाग मैदानात वरच्या बाजूला बसून मोबाईलनं डाव पकडायचा म्हणजे दोन ठिपके येतात, आणि डिजिटल झूम म्हणजे नुसतं कापून मोठं करणं. तिथं खरा, काचेचा झूम पाहिजे. फक्त घेताना बघा, एक इंचवाल्या बऱ्याच कॅमेऱ्यांचा झूम तीन-चार पटच असतो, तुमचं काम मैदानावरचं असेल तर तुम्हाला ट्रॅव्हल झूमवाला (छोटाच, पण लांबवर झूम करणारा) पाहिजे, सेन्सर लहान असला तरी चालेल, दिवसाउजेडी काही बिघडत नाही. सध्या फॅशनमुळं काही मॉडेलचे भाव उगाच चढलेत, त्या नावांच्या मागं लागू नका. जुन्यातला घेताना लेन्स पाच-सहा वेळा आत-बाहेर करून आवाज ऐका, पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून डाग आहेत का बघा, फ्लॅश उडवून बघा.

कार्ड भरलं की नवीन घेतो आणि जुनी डब्यात ठेवतो. बरोबर आहे का? शिवाय दुकानातून ४ बाय ६ ची प्रिंट काढली की सगळ्यांची डोकी कापली जातात.
– गंगावेशीतील एक काका

काका, डबा बरोबर नाही. कार्ड हे ने-आण करायचं साधन आहे, त्यात वर्षानुवर्षं फोटो ठेवायचे नसतात, खराब झालं तर सांगून होत नाही. हार्ड डिस्कवर एक कॉपी आणि दुसरीकडं, भावाकडं नाहीतर मुलीकडं, आणखी एक कॉपी ठेवा. चुकून फोटो डिलीट झाले तर त्या क्षणी कार्ड बाहेर काढा, नवीन फोटो काढला की जुने वाचायची आशा कमी होत जाते.

प्रिंटा काढताय हे फार चांगलं करताय. ४ बाय ६ ला साधारण २ मेगापिक्सेल पुरतात, त्यामुळं जुना १० मेगापिक्सेलचा कॅमेरा पण आरामात चालतो. डोकी कापली जातात कारण छोट्या कॅमेऱ्याचा फोटो बहुतेक चारास तीन असतो आणि तुमचा कागद तीनास दोन, म्हणजे कागद जास्त लांबट, मग मशीन वरनं-खालनं छाटतं. कॅमेऱ्याच्या मेनूत तीनास दोन असेल तर ते लावून ठेवा, नसेल तर काढतानाच डोक्यावर थोडी जागा सोडा. आधी काढून ठेवलेल्या फोटोंना, दुकानात देतानाच सांगा की कडेला पांढरी पट्टी राहिली तरी चालेल पण फोटो छाटू नका.