खाऱ्या पाण्यात ‘साबण’ चालतो का?

प्रश्न : आमच्या बोअरच्या खारट पाण्यात साबणाला फेस येत नाही, पांढरा साका तेवढा बसतो. तेलसाठ्यातलं पाणी तर कित्येकदा समुद्राहून खारट. तिथे साबणासारखं रसायन सोडून तेल कसं काढतात? मुंबई हायला जमेल का? – एक वाचक, उरण

उत्तर : तुम्ही नेमक्या दुखण्यावर बोट ठेवलंत. तो साका मिठापेक्षा पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे बसतो आणि साध्या सल्फोनेटचीही (तेलसाठ्यात सोडायच्या साबणासारख्या रसायनाचीही) खडकात तीच गत होते. म्हणून रेणूत इथिलीन ऑक्साइड, प्रोपिलीन ऑक्साइडच्या कड्या जोडतात. असा रेणू कॅल्शियमला बराच पुरून उरतो.

मिठाला मात्र सरसकट शत्रू समजू नका. प्रयोगशाळेत मी हेच काम करायचे : सीलबंद नळ्यांत अर्धं तेल, अर्धं पाणी, नळीगणिक मीठ थोडं वाढवलेलं, आणि ओव्हन साठ्याच्या तापमानाला. मीठ कमी असेल तिथे रसायन पाण्यात राहतं, जास्त असेल तिथे तेलात शिरतं. मधल्या एखाद्या नळीत मात्र दोन्हींमध्ये वेगळाच तिसरा थर उभा राहतो. ती नळी दिसली की आम्ही सगळे ओव्हनभोवती जमायचो! तिथे तेल-पाण्यामधला ताण मीटरला वीस-तीस मिलिन्यूटनवरून 0.001च्या आसपास उतरतो आणि छिद्रांत अडकलेले थेंब सुटतात. साठ्याच्या खारेपणालाच हा थर देणारा रेणू शोधायचा, एवढंच खरं काम. खारेपणा कमी करायला आधी गोडं पाणी सोडून साठा ‘धुवून’ घ्यावा, हे मला पटत नाही. ते पाणी सोप्या वाटांनी निघून जातं.

अमेरिकेत इलिनॉयमधल्या लाउडन क्षेत्रात हे सिद्ध झालं. तिथल्या पाण्यात लिटरला सुमारे 100 ग्रॅम क्षार, म्हणजे समुद्राच्या जवळजवळ तिप्पट. तरीही 1980च्या दशकाच्या सुरुवातीच्या चाचणीत, पाणी सोडूनही मागे राहिलेल्या तेलापैकी साधारण 60 टक्के हाती आलं.

मुंबई हायचं गणित अवघड आहे. तिथे मुख्यतः चुनखडक आणि शिवाय उष्णता. सल्फेट जातीची रसायनं उष्णतेत तुटतात आणि ऋणभारित रेणू चुनखडकाला चिकटून वाया जातात. धुण्याचा सोडा घातला तर चिकटणं कमी होतं. पण तिथे समुद्राचंच पाणी साठ्यात सोडतात, त्यात सोडा पडला की चुना बसतो. म्हणजे आधी पाणी सुफेन करायला हवं, त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम काढायला हवं, आणि त्या यंत्रणेला भर समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवर जागा काढणं हेच मला सगळ्यांत कठीण वाटतं.