खाडीत टाकलेली बोट घेण्याआधी

स्वस्तात मिळतेय म्हणून लगेच बयाणा देऊ नकोस. डिझेल आणि खलाशांचा पगार मासळीतून सुटेनासा झाला की १ जून ते ३१ जुलैच्या पावसाळी मासेमारी बंदीत शाकारलेली (पावसापासून झाकून ठेवलेली) बोट नाखवा, म्हणजे बोटीचा मालक, पुढे उघडतच नाही. अशा बोटीवर बऱ्याचदा कर्जाचा बोजा असतो. नोंदणी, मासेमारी परवाना, कर्ज फिटल्याचं पत्र बघ. नुसत्या स्टॅम्प पेपरवर भुलू नकोस. मग ओहोटीला चिखलात उतर. पाण्याच्या रेषेखालच्या फळीत चाकूचं टोक खुपस. सहज आत गेलं तर लाकूड पोखरलंय, वरचा रंग कितीही ताजा असो. (इंजिन जागेवर आहे का, तेही बघ!) उद्या तुलाही परवडेना झाली तर भंगारात काढ, पण धक्क्यालगत बुडू देऊ नकोस, दुसऱ्यांच्या बोटी त्यावर आपटून फुटतात.