टाचांच्या भेगांना बिबा लावावा का?

ताई, तुमची आजी टाचांच्या भेगांना बिब्याचं तेल लावायची, म्हणून तुम्हीही नागपूरच्या इतवारी बाजारातून बिबे आणलेत आणि ते कसे लावायचे विचारताय. माझं ऐका, लावू नका. आजीला दोष नाही. सुईत टोचलेला बिबा दिव्यावर धरायचा आणि सुटलेलं तेल नेमकं भेगेतच घालायचं, हे त्या बायका लहानपणापासून बघत आल्या होत्या. तरीही बिबा उतायचाच, म्हणजे अंगावर फोड-सूज यायचीच, कुणाला ना कुणाला.

बिबा आंबा, काजू, चारोळीच्याच कुळातला. त्याच्या सालीतलं तेल कातडी भाजतं, आणि अनेकांना त्याची ॲलर्जीही होते. फोड कधी कधी एक-दोन दिवसांनी येतात. तोवर तोच हात चेहऱ्याला, लेकराला लागून गेलेला असतो. एकदा उतला, की पुढच्या वेळी थेंबभरही पुरतो. आंब्याच्या चिकाने ज्यांचे ओठ सुजतात त्यांनी तर लांबच राहावं. परीट याच तेलाने कपड्यांवर खुणा करत. चुन्यासोबत ती खूण अशी पक्की बसते की धुऊन जात नाही, आणि तसा कपडा घालून मानेवर पुरळ उठलेले रुग्ण डॉक्टरांनी नोंदवून ठेवले आहेत.

आयुर्वेदात भल्लातक, म्हणजे बिबाच, आहे, पण विटेच्या चुऱ्यात चोळून वगैरे शोधन, म्हणजे शुद्धीकरण, झाल्यावरच. लिंबू-मिरचीसोबत दाराला बांधायला जो बिबा मिळतो, तो कच्चा. तो जाळूही नका, धूरही बाधतो.

बिब्याची खरी मजा गोडंबीत, म्हणजे त्याच्या आतल्या गरात आहे! हिवाळ्यात डिंकाच्या लाडवात घाला. मात्र सोललेली, स्वच्छ गोडंबीच विकत घ्या, घरी बिबे फोडत बसू नका.

भेगांसाठी आपल्या भागात टोळीचं तेल आहे, म्हणजे मोहाच्या बियांचं. गडचिरोली-गोंदियाकडचं कुणी ओळखीचं असेल तर मागवा. थंडीत ते तुपासारखं थिजतं, काळजी करू नका. रात्री कोमट पाण्यात पाय भिजवा, पुसा, तेल चोळा आणि मोजे घाला. नाही मिळालं तर खोबरेल चालेल. शुगर असेल किंवा भेगेतून रक्त येत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा.

आणलेले बिबे हाताळताना तेल लागलंच, तर लगेच साबणाने भरपूर पाण्यात धुवा आणि फोड आले तर फोडू नका. डोळ्याजवळ सूज आली तर थेट दवाखाना गाठा.