ऐरोलीत अँड्रॉइड ॲप डेव्हलपर म्हणून रुजू झालास ना? मग आधी हे बघ

पहिल्याच आठवड्यात स्वतःच्या ॲपची एपीके (इन्स्टॉल करायची फाइल) जॅडएक्समध्ये, म्हणजे ॲपमधला कोड वाचण्याजोगा करून दाखवणाऱ्या टूलमध्ये, उघड. कोडमध्ये लिहिलेली एपीआय की (दुसरी सेवा वापरायची किल्ली) तिथे सरळ वाचता येते. प्रोगार्ड हे कोड वाचायला अवघड करणारं टूल क्लासची (कोडच्या भागांची) नावं बदलतं, स्ट्रिंगला (कोडमध्ये लिहिलेल्या मजकुराला) हात लावत नाही. म्हणून पेमेंटची सीक्रेट की सर्व्हरवरच राहू दे. लॉगिनचं टोकन (लॉगिन झाल्याची डिजिटल खूण) शेअर्ड प्रेफरन्सेसमध्ये, म्हणजे ॲपच्या सेटिंग्ज साठवायच्या जागेत, तसंच टाकू नकोस, ती नुसती एक्सएमएल फाइल असते. कीस्टोअर या अँड्रॉइडच्या सुरक्षित कप्प्यातल्या किल्लीने ते एन्क्रिप्ट कर. ओवॅस्प या सॉफ्टवेअर सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेच्या २०२४ च्या मोबाइल धोक्यांच्या यादीत क्रेडेन्शियल्सचा (पासवर्ड, की वगैरेंचा) चुकीचा वापर पहिला आहे, तो उगाच नाही. लॉगमध्ये (ॲप चालताना होणाऱ्या नोंदींमध्ये) ओटीपी छापायची सवय आजच मोड.

आणि हो, ठाणे-वाशी लोकलच्या गर्दीत टेस्टिंगचा फोन लॉक न करता मिरवू नकोस. त्यात ग्राहकांचा खरा डेटा तर मुळात नकोच. मॅनेजर कितीही घाई करो, बनावट डेटाच माग.