धोरण ठरवताना आधी काय, सर्वेक्षण की मुलाखती?

आरोग्याच्या आणि कल्याणाच्या योजना आखताना संशोधनाचा पैसा सर्वेक्षणावर घालावा की मुलाखतींवर, असं तुम्ही विचारलंय. आधी मुलाखती. या विषयावर मी एकदा भांडून हरले आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

मी काही वर्षं सर्वेक्षणाचे फॉर्म भरून घ्यायचं काम केलं. गरोदर बायका तपासणीला का येत नाहीत, हा विषय. उत्तराला पर्याय चार: अंतर, खर्च, वेळ नाही, इतर. माझ्या फॉर्मांत निम्म्याहून जास्त खुणा 'इतर'वर. खरं कारण मी समासात बाईच्याच शब्दांत लिहून आणायचे. 'टेबलावर झोपवतात ते बाहेरच्या बाकावरून दिसतं.' 'पडदा नाही.' एकीचा सासराच त्या बाकावर बसलेला होता. ती पुन्हा गेली नाही. डेटा भरताना समास गळला, उरला कोड ४, म्हणजे 'इतर'. अहवालात त्याचा 'जागृतीचा अभाव' झाला आणि निधी पोस्टरांवर गेला.

बैठकीत मी हे काढलं, तर प्रकल्पप्रमुख म्हणाले, "चार बायका काय बोलल्या त्यावर धोरण ठरत नसतं."

चार नव्हत्या. आणि पर्याय ठरवले कुणी? ऑफिसात बसून आम्हीच. ज्या प्रश्नावलीत पडदा नाही, ती दहा हजार घरांत फिरवली तरी पडदा सापडणार नाही. नमुना वाढवून हा दोष जात नाही.

आकड्यांच्या बाजूने मेक्सिकोच्या प्रोग्रेसा योजनेचं उदाहरण सगळे देतात. मुलांची शाळा आणि आरोग्य तपासणी या अटींवर गरीब कुटुंबांना रोख पैसे देणारी ही योजना. १९९७ साली सुरू झाली. ५०६ गावांपैकी ३२० गावांना आधी लाभ, १८६ गावांना नंतर, निवड चिठ्ठ्या टाकल्यासारखी. त्या तुलनेतून परिणाम पक्का कळला, २००० साली सरकार बदललं तरी योजना टिकली. पण वगळलेल्या कुटुंबांना आपण का वगळलो हे कळत नव्हतं आणि गावात त्यावरून रुसवे धरले जात होते, हे गटचर्चांतून बाहेर आलं.

हां, मुलाखतींतून 'किती जणींना' हे कळत नाही. त्यासाठी सर्वेक्षण लागतंच, आणि योजनेने फरक पडला का हे पाहायला तुलनेचा गटही लागतो. माझं म्हणणं क्रमाबद्दल आहे.

तुम्ही प्रस्ताव लिहीत असाल तर समासातला मजकूर टाइप करायला एक माणूस धरा आणि त्याचे पैसे आत्ताच मागा. नंतर कुणी देत नाही.